लिनक्समध्ये पासवर्ड विचारणाऱ्या खिडक्या एकसारख्या करता येतील का?

नमस्कार मंडळी,

आईच्या लॅपटॉपवर लिनक्स टाकून दिलंय, ग्नोम डेस्कटॉप. बाकी सगळं ती छान वापरते, पण पासवर्डपाशी अडते. आणि यात तिचं काहीच चुकत नाही, असं माझं ठाम मत आहे.

लॅपटॉप सुरू करताना डिस्कचा पासवर्ड. पुढे ऑटो-लॉगिन (खातं पासवर्ड न विचारता आपोआप उघडतं), म्हणून तिथे काही नाही. मग ब्राउझर उघडला की की-रिंगची, म्हणजे साठवलेले पासवर्ड ठेवणाऱ्या कुलूपबंद पेटीची खिडकी. अपडेट टाकताना पोलकिटची (प्रोग्रॅमना प्रशासकाची परवानगी देणारी सोय), पडदा अंधारून मधोमध येणारी. परवा फोनवर तिला टर्मिनलमध्ये (आज्ञा टाइप करायच्या खिडकीत) सुडो, म्हणजे प्रशासकाच्या अधिकाराने काम करणारी आज्ञा, चालवायला सांगितलं, तर टाइप करताना ठिपकेसुद्धा दिसेनात. ती घाबरून थांबली. सुडो झाल्यावर लगेच अपडेटची खिडकी आली आणि तोच पासवर्ड पुन्हा!

त्यात गेल्या महिन्यात तिचा पासवर्ड मी माझ्या खात्यातून सुडो वापरून बदलला. तेव्हापासून की-रिंगला जुनाच लागतो.

दिसेल त्या चौकटीत पासवर्ड टाकायचा नाही, हे मीच तिला शिकवलं. आता ती विचारते, "मग यातली खरी कुठली, ते ओळखायचं कसं?" मला उत्तर देता आलं नाही, आणि ते फार लागलंय. काय करता येईल?

प्रतिसाद १

सगळ्या एकसारख्या होणार नाहीत, कारण विचारणारे वेगवेगळे आहेत. सुडो आणि पोलकिट एकमेकांची परवानगी लक्षात ठेवत नाहीत, म्हणून दोनदा विचारणा. पण कमी नक्की होतील.

की-रिंग लॉगिनच्या पासवर्डनेच उघडते. ऑटो-लॉगिनमध्ये तो टाकलाच जात नाही, म्हणून ती नंतर मागते. ऑटो-लॉगिन बंद करा. सुडोने पासवर्ड बदलताना जुना पासवर्ड विचारला जात नाही, त्यामुळे की-रिंग जुन्यावरच राहते. 'सीहॉर्स' या की-रिंग सांभाळायच्या प्रोग्रॅममध्ये जाऊन 'लॉगिन' की-रिंगचा पासवर्ड नव्याशी जुळवा. तो रिकामा मात्र ठेवू नका, साठवलेले पासवर्ड उघडे पडतात.

सुडोमध्ये टाइप करताना चांदण्या (*) दिसायला हव्या असतील तर 'व्हीसुडो' या आज्ञेने सुडोअर्स या सुडोच्या सेटिंगच्या फाइलमध्ये 'डिफॉल्ट्स पीडब्ल्यूफीडबॅक' ही ओळ (अर्थात रोमन लिपीत) घाला. लिनक्स मिंटमध्ये ती आधीपासून असते. या सोयीत एक गंभीर दोष होता, तो २०२० मध्ये सुडो १.८.३१ ला दुरुस्त झाला. त्याहून जुनं असेल तर आधी अपडेट करा.

ओळखण्याचं म्हणाल, तर रूपावर भरवसा नको. हुबेहूब खिडकी कुठलाही प्रोग्रॅम काढू शकतो. आईंना एवढंच सांगा: आत्ता मी स्वतः काही सुरू केलं होतं का? नसेल तर रद्द करा. खरी असली तरी रद्द केल्याने नुकसान नाही, काम पुन्हा सुरू केलं की ती परत येईल.

धागाकर्ती

मनापासून आभार! ऑटो-लॉगिन काढलं, की-रिंग जुळवली, ब्राउझरची खिडकी गेली. रद्द केलं तरी चालतं, हे ऐकून आईला सगळ्यात बरं वाटलं.