'विवेकी स्वार्थ' म्हणावं का?

पाटीपेन्सिल
आमच्या अभ्यासमंडळात पुढच्या बैठकीला अमेरिकी लेखिका-विचारवंत आयन रँड आहे आणि मराठी टिपण काढायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. तिच्या 'रॅशनल सेल्फ-इंटरेस्ट'ला मी 'विवेकी स्वार्थ' लिहिलं, तर एक ज्येष्ठ सभासद म्हणाले, "हे म्हणजे 'सज्जन दरोडेखोर' झालं." दुसरा पेच 'अल्ट्रुइझम'चा. परोपकार, परार्थ की परहितवाद? जाणकारांनी सांगावं.

कानामात्रा
संस्कृतात स्वार्थ अगदी निरुपद्रवी आहे. न्यायशास्त्रात डोंगरावर धूर पाहून 'आग असणार' अशी स्वतःपुरती खात्री करून घेतली की ते स्वार्थानुमान. तेच दुसऱ्याला पायरीपायरीनं पटवून दिलं की परार्थानुमान. शाळेच्या व्याकरणातही स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ, संकेतार्थ आहेतच. 'मुले खेळतात' हे क्रियापद स्वार्थी. मुलांचा काही दोष नाही!

बोलण्यात मात्र शब्द पार बदललाय. 'तिनं स्वतःच्या हितासाठी नोकरी बदलली' म्हटलं तर आपण मान डोलावतो. 'स्वार्थासाठी बदलली' म्हटलं की लगेच प्रश्न येतो, कुणाला तोंडघशी पाडलं? म्हणजे आजच्या मराठीत स्वार्थ या शब्दात दुसऱ्याचं नुकसान आधीच गृहीत धरलेलं असतं. आप्पलपोटा, आपमतलबी, आपली पोळी भाजून घेणारा, सगळी त्याच गोतातली मंडळी.

आणि रँडबाईंना नेमकं हेच नको आहे. त्यांच्या 'ॲटलस श्रग्ड' या कादंबरीतल्या (१९५७) शपथेचे दोन भाग आहेत: मी दुसऱ्यासाठी जगणार नाही, आणि दुसऱ्यानं माझ्यासाठी जगावं असंही म्हणणार नाही. लोकांच्या लक्षात पहिला राहतो. दुसऱ्या भागात आपला नेहमीचा स्वार्थी माणूस नापास होतो, कारण त्याचं सगळं दुसऱ्याच्या जिवावर चाललेलं असतं. म्हणून माझं मत: 'विवेकी स्वहित'.

आडवळण
स्वहित सोज्वळ आहे, पण त्यानं बाईंचा डंखच काढून घेतला. १९६४च्या निबंधसंग्रहाच्या नावातच त्यांनी 'सेल्फिशनेस' हा सद्गुण म्हणून मिरवलाय, आणि लोक बिचकतात म्हणूनच मी हा शब्द वापरते, असं प्रस्तावनेत बजावलंय. इंग्रजीतही तो शब्द शिवीसारखाच होता. तिकडचा वाचक दचकला, मग मराठी वाचकाला का सांभाळून घ्यायचं? 'विवेकी स्वार्थ'च ठेवा. ज्येष्ठांना हसू आलं म्हणजे शब्दानं काम केलं.

पैठणीचा काठ
@आडवळण, दचकवण्याशी सहमत, पण आपल्याकडे हा शब्द कुणावर फेकला जातो तेही पाहा. संध्याकाळी एम. ए.च्या वर्गाला जाणारी सून 'स्वार्थी' ठरते. त्याच वेळी जिमला जाणारा तिचा नवरा 'तब्येतीला जपतो'. कुकर कोण लावणार, एवढाच खरा मुद्दा असतो. जो दुसऱ्याकडे त्याग मागतो त्यालाच त्या त्यागाचं फळ मिळतं, हे रँडचं म्हणणं मला पुस्तक न वाचताही पटलं असतं. तिची बाकीची मांडणी मला फार कोरडी वाटते. माणसामाणसांत बरोबरीची देवाणघेवाण असावी म्हणते, पण तान्ह्या मुलाला आणि अंथरुणाला खिळलेल्या माणसाला त्या देवाणघेवाणीत जागा कुठे, ते नीट उमगत नाही.

शब्दच हवा तर तुकोबांकडे आहे: 'आपुलिया हिता जो असे जागता । धन्य मातापिता तयाचिया ॥' तुकोबांना अभिप्रेत असलेलं हित रँडच्या हितापेक्षा फार वेगळं आहे, त्यांची गाठ घालायला जाऊ नका. पण स्वतःच्या हिताला जागं राहणं हे मराठीत लाजिरवाणं नव्हतं, एवढं त्यातून नक्की दिसतं.

कानामात्रा
आता अल्ट्रुइझम. परोपकार लिहू नका. अल्ट्रुइझम हा शब्द फ्रेंच तत्त्वज्ञ ओग्युस्त काँत यानं १८५०च्या दशकात फ्रेंचमध्ये घडवला, 'दुसऱ्याचा' अशा अर्थाच्या इटालियन शब्दावरून. त्याचं ब्रीद होतं 'इतरांसाठी जगा'. शेजाऱ्याला दवाखान्यात नेलं तर तो परोपकार. माझ्या जगण्याचं समर्थनच मुळी इतरांच्या उपयोगी पडण्यात आहे, असं मानणं हा अल्ट्रुइझम. रँडचा हल्ला या दुसऱ्यावर आहे. शेजाऱ्याला गाडीत घालायला तिची ना नाही. तेव्हा 'परार्थवाद', शेवटचा 'वाद' न गाळता.

आणि स्वार्थ-परार्थ ही जोडी मराठीत नवी नाही. मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि १९१५ साली छापल्या गेलेल्या 'गीतारहस्या'त 'आधिभौतिक सुखवाद' हे प्रकरण पाहा. निव्वळ स्वार्थ, मग इंग्रज तत्त्वज्ञ हॉब्जचा दूरदर्शी स्वार्थ, मग स्वार्थ-परार्थ दोन्ही सांभाळणारे, अशा पायऱ्या टिळकांनी लावल्यात आणि एकेक अपुरी ठरवलीय. टिपणात हे आलंच पाहिजे.

आडवळण
तिथेच भर्तृहरीचा श्लोकही आहे ना? स्वार्थ सोडून परार्थ साधणारे सत्पुरुष, 'स्वार्थाविरोधेन', म्हणजे स्वार्थाला धक्का न लावता, परार्थ साधणारे सामान्य, स्वार्थासाठी परहित बुडवणारे राक्षस. आणि काही कारण नसताना दुसऱ्याचं बुडवणारे? 'ते के न जानीमहे'. त्यांना काय म्हणावं ते कवीलाही सुचत नाही.

मला त्यातला दुसरा वर्ग आवडतो. आमच्या सोसायटीत गच्चीच्या वॉटरप्रूफिंगसाठी सगळ्यात वरच्या मजल्यावरचे एक काका वर्षभर धावले. तीन कोटेशनं आणली, सभेत शिव्या खाल्ल्या, एप्रिलच्या उन्हात मजुरांबरोबर उभे राहिले. सगळे म्हणायचे, 'त्यांचा स्वार्थ आहे, त्यांच्याच हॉलमध्ये गळतंय.' गळत होतंच! पण गच्ची सगळ्यांची कोरडी झाली. अशा माणसाला मराठीत चांगला शब्द नाही. स्वतःचं काहीच अडलेलं नसताना धावले असते, तर आपणच म्हणालो असतो, घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजतात. इकडून स्वार्थी, तिकडून बावळट.

पाटीपेन्सिल
सगळ्यांचे आभार. शीर्षकात 'विवेकी स्वार्थ' ठेवतो, पहिल्याच परिच्छेदात 'दुसऱ्याच्या जिवावर नव्हे' हे स्पष्ट करतो, पुढे सगळीकडे स्वहित. अल्ट्रुइझमला परार्थवाद. काकांचं उदाहरण उचलू का? आणि 'निःस्वार्थी सेवा' चालेल ना?

आडवळण
खुशाल उचला, फक्त मजला बदला.

कानामात्रा
'निःस्वार्थ सेवा'. निर्दोष माणसाला आपण निर्दोषी म्हणत नाही, तसंच. छापून येतं सर्रास, पण तुम्ही नका लिहू.