.३०० विनचेस्टर मॅग्नम: पट्ट्यालगत फुगणाऱ्या पुंगळ्यांबाबत मदत हवी आहे

मी कोलोरॅडोत एल्कच्या शिकारीसाठी .३०० विनचेस्टर मॅग्नमची बोल्ट ॲक्शन रायफल वापरतो. काडतुसे घरीच भरतो आणि दारूचे माप मॅन्युअलमधील कमाल मर्यादेच्या खालीच ठेवतो. तीनदा झाडलेल्या पुंगळ्यांवर (काडतुसाच्या पितळी नळ्यांवर) पट्ट्याच्या, म्हणजे बुडाजवळच्या जाड वलयाच्या, किंचित पुढे चकचकीत कडे दिसू लागले, आणि टोक वाकवलेली तार आतून फिरवली असता तिथे ती अडखळली, म्हणजे पितळ आतून पातळ झाले होते. त्या पुंगळ्या अर्थातच टाकून दिल्या. हेडस्पेस (बोल्टच्या तोंडापासून काडतूस जिथे टेकते तिथपर्यंतचे अंतर) पट्ट्यावर धरला की खांद्यापाशी, म्हणजे पुंगळी मानेकडे निमुळती होते तिथे, मोकळी जागा उरून पुंगळी ताणली जाते, हे लक्षात आल्यावर मी डाय (पुंगळीला पुन्हा आकार देणारा साचा) वर घेऊन खांदा फक्त ०.००२ इंच मागे सारू लागलो. ताण थांबला, परंतु चौथ्या भरणीला बोल्ट जड जातो, कारण पट्ट्यालगत फुगलेल्या भागापर्यंत माझी डाय पोहोचतच नाही. कारखान्यातील नवी काडतुसे मात्र सहज बसतात.

१९१२ च्या .३७५ हॉलंड अँड हॉलंड काडतुसाच्या उतरत्या खांद्याला पट्ट्याची खरोखर गरज होती. १९६३ च्या या काडतुसाला तो निव्वळ वारशाने मिळाला, असे माझे मत आहे. तरीही रायफल बदलायची नाही.

पट्ट्यालगतचा भाग दाबणारी वेगळी कॉलेट डाय घेतल्यास पुंगळ्यांचे आयुष्य खरोखर वाढते का, की तीन भरण्यांनंतर त्या बदलणेच योग्य?