कडक बाप की 'मोकळा' समाज? (निमित्त: एक अरब मुलगी)

अबोली_ह्यूस्टन
परवाच्या 'परदेशातली मुलं हातची का जातात' धाग्यावर नानासाहेब७१ यांनी फर्मावलं: "अमेरिकन सबर्बमध्ये अरब मुलीचं वाटोळं होतं ते बापाच्या धाकाने. समाज बिचारा मोकळाच असतो." तिथे दोनदा टंकून खोडलं. राहवेना, म्हणून वेगळा धागा.

ह्यूस्टनबाहेर आम्ही राहायचो तिथली माझी आठवीतली मैत्रीण. वडील लेबनीज, आई टेक्ससची गोरी, दोघांचा घटस्फोट झालेला, ही वडिलांकडे. आखाती युद्ध सुरू झालं, १६ जानेवारी १९९१ च्या संध्याकाळी टीव्हीवर बगदादवर बॉम्ब पडताना दिसले आणि दुसऱ्या दिवशी शाळेत ही 'सद्दामची भाची' झाली. गळ्यात क्रॉस होता हो! मॅरोनाइट, म्हणजे लेबनॉनमधल्या ख्रिस्ती पंथाचं घर. वडील सद्दामला येताजाता शिव्या घालायचे, गॅरेजवर हा एवढा अमेरिकन झेंडा. सगळ्यांच्या लॉकरवर सैनिकांसाठी पिवळी रिबन असायची. हिने लावलेली कोणीतरी रोज काढून हिच्याच दप्तरात कोंबायचं.

बाप कडक होताच, नाही कोण म्हणतंय? फोन त्यांच्या खोलीत. पाय शेव्ह करायचे नाहीत म्हणजे नाहीत, त्यामुळे जिमच्या तासाला टेक्ससच्या उकाड्यात ही स्वेटपँटमध्ये. एकदा वडिलांच्याच रेझरने चोरून हात भादरले. मनगटापाशी कापलं. मला म्हणाली, कोणी विचारलं तर मांजराने ओरबाडलं म्हणून सांग. त्यांच्याकडे मांजर नव्हतं.

शाळेतलं घरी सांगावं तर बाप म्हणणार, उद्यापासून बाहेर पडणं बंद. घरचं शाळेत सांगावं तर काउन्सेलर मान डोलावणार, हं, अरब ना. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, तोही दोन्हीकडून. यातला एकच हात तुम्हाला कसा दिसतो?

नानासाहेब७१
ताई, रेझरला बंदी शाळेने घातली होती का? बापानेच ना? मग माझाच मुद्दा सिद्ध केलात, आभार. चिडवाचिडवी कुठे नसते? मला कोल्हापुरात सातवीपर्यंत 'काळ्या' म्हणायचे. धागे काढत बसलो नाही.

मिशिगनची_माई
आता काढा की नाना, वाचू आम्ही.
'अरब मुलगी' अशी एकच नसते. मी इथे मिशिगनमध्ये डिअरबॉर्नला शाळेत बदली शिक्षिका होते. २०२० च्या जनगणनेत गावातले निम्म्याहून जास्त लोक अरब वगैरे निघाले. तिथे वर्गात ही एकटी पडत नाही. पण वॉरन अव्हेन्यूवरच्या बेकरीत मुलाशी दोन शब्द बोलली तर बातमी तिच्याआधी घरी पोचते. सदाशिव पेठ परवडली. तेव्हा धाक असतो, मान्य.
पण तुमच्या लेकीला कधी मैत्रिणीकडे रात्री राहायला, स्लीपओव्हरला पाठवलंत?

नानासाहेब७१
नाही. त्याचा इथे संबंध नाही.

मिशिगनची_माई
बरं बरं.

फॉर्म_भरणारा
मूळ दुखणं वेगळंच आहे. सरकारदरबारी अरब हे 'गोरे'! १९१५ साली जॉर्ज डाउ नावाच्या सिरियन माणसाच्या खटल्यात कोर्टाने सिरियन लोक गोरे ठरवले, तेव्हाच त्याला नागरिकत्व मिळालं. सरकारी फॉर्मवर त्यांचा वेगळा रकाना मंजूर व्हायला मार्च २०२४ उजाडला. म्हणजे शंभर वर्षं फॉर्मवर गोरे आणि बसमध्ये अरब.

जर्सीवाला_जोशी
अरबांचं सोडा, आपण काय केलं ते बोला. १९८७ मध्ये जर्सी सिटीत डॉटबस्टर्सनी, म्हणजे भारतीयांवर हल्ले करणाऱ्या टोळीने, धुमाकूळ घातला तेव्हा आमच्या काकांनी काकूला टिकली काढून फिरायला लावलं. आणि २००१ च्या सप्टेंबरात, ट्विन टॉवर्सवरच्या हल्ल्यानंतर, त्याच काकांनी मला सांगितलं, गंध लावून कामावर जा, म्हणजे अरब समजणार नाहीत!

ऑस्टिनचा_अण्णा
मग काय चूक केली? जीव वाचवण्यात कसली लाज? बलबीरसिंग सोढी या शीख माणसाला ॲरिझोनातल्या मेसा गावात त्याच्याच पेट्रोल पंपावर गोळी घातली ती अरब समजूनच. हल्ल्याला चार दिवस झाले होते फक्त. एसीत बसून तत्त्वज्ञान सोपं असतं.

जर्सीवाला_जोशी
म्हणजे खरोखरचा अरब असता तर चाललं असतं?

ऑस्टिनचा_अण्णा
असं मी म्हटलेलं नाही. माझ्या तोंडी शब्द घालू नका.

जर्सीवाला_जोशी
'अरब समजूनच' तुम्हीच लिहिलंत. त्यातला 'च' माझा नाही.

ऑस्टिनचा_अण्णा
व्याकरणाचे मास्तर आले. माझी बायको त्या आठवड्यात दुकानात एकटी होती, बाहेर दोन पोरं ट्रक थांबवून ओरडत होती. तिने काय जनगणनेचा फॉर्म दाखवायचा होता? संपादकांनी यांना आवरावं.

फॉर्म_भरणारा
माझा फॉर्म मध्ये आणू नका.

अबोली_ह्यूस्टन
धागा भलतीकडेच गेला. पण अण्णा, तुमच्या पत्नीवर दगड मारायला माझा हात उचलत नाही. त्या हिवाळ्यात स्कूलबसमध्ये एकाने मलाही विचारलं, "तू पण त्यांच्यातलीच का?" मी म्हटलं, "नो, आय ॲम इंडियन." आणि उठून दोन सीट पुढे जाऊन बसले. ती माझ्या शेजारी बसली होती.
हे मूळ पोस्टमध्ये लिहायला हवं होतं.

ऑस्टिनचा_अण्णा
तेरा वर्षांच्या होतात हो. सोडा.

नानासाहेब७१
ठीक. समाजाचा 'बिचारा' मागे घेतो. 'मोकळा' पण घ्या, एकावर एक फुकट. बापाला मात्र सोडणार नाही.

मिशिगनची_माई
कोणत्या बापाला? :)

नानासाहेब७१
स्लीपओव्हरवर वेगळा धागा काढा. मी तिथे येणार नाही.