महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना आर्थिक व्यवहार शिकवण्यासाठी मदत हवी आहे

नमस्कार. मी फोंडा येथे वाणिज्य शिकवतो. पर्यटनाच्या हंगामात हॉटेलांत काम करून कमावणारे आमचे काही विद्यार्थी क्रेडिट कार्डाची केवळ किमान देय रक्कम भरत राहतात. दरमहा ३ टक्के व्याज चक्रवाढीने वर्षाला जवळजवळ ४३ टक्के होते, हे त्यांना कुणी समजावलेलेच नसते. शेअर बाजाराच्या आधी हे शिकवले पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. पगारपत्रक, कार्डाचे बिल आणि कर्जाचा करार प्रत्यक्ष वाचायला लावणारे मराठी किंवा कोकणी सरावपाठ कुणी तयार केले आहेत का? घरची परिस्थिती वर्गात उघड न होता मुलांकडून मासिक अंदाजपत्रक कसे करून घ्यावे, याबाबतही अनुभवी शिक्षकांनी कृपया मार्गदर्शन करावे.