जुनी सीबीआर ६००आरआर एमओटीत कशावर अडकते?

लेस्टरकर: इंग्लंडात १० वर्षं जुनी होंडा सीबीआर ६००आरआर बघतोय. दरवर्षीच्या एमओटीत (गाडी रस्त्यावर चालवण्यालायक आहे का, याची सक्तीची तपासणी) या स्पोर्ट्स बाइक कितपत भरवशाच्या?

चेनस्प्रॉकेट: इंजिन, क्लच, गिअरबॉक्स एमओटीत तपासतच नाहीत, त्यामुळे होंडाच्या नावावर जाऊ नका. अडकतं ते किरकोळ गोष्टींवर. हँडलखालची ब्रेक लाइटची स्विच सगळ्यात आधी बघा. पुढचा आणि मागचा, दोन्ही ब्रेक वेगवेगळे दाबून दिवा लागायला हवा. टायरची नक्षी रुंदीच्या पाऊण भागात किमान १ मिमी लागते. मोटरवेवर चाललेल्या गाडीचा टायर मधूनच सपाट होतो, कडा मात्र नव्या दिसतात.

पुढचं चाक उचलून हँडल हळू फिरवा. मध्यावर खाच जाणवली तर स्टिअरिंग हेड बेअरिंग गेलं. फोर्कच्या (पुढच्या चाकाच्या शॉक अब्सॉर्बरच्या) नळीवर तेलाचा ओघळ असेल तर सील बदला; तेल डिस्कवर उतरलं की ब्रेकही गेला.

रबरबँड: मागच्या मालकाने केलेली सजावट जास्त नडते. 'रस्त्यावर वापरू नये' असा शिक्का असलेला सायलेन्सर लगेच नापास. टेल टायडी (नंबरप्लेटची आखूड पट्टी) बसवताना मागचा लाल रिफ्लेक्टर काढून टाकतात, तोही बघा.

चेनस्प्रॉकेट: आणि नंबर टाकून सरकारी साइटवर एमओटीचा इतिहास फुकट बघा. मायलेज कळतंच, पण 'अॅडव्हायझरी' (नापास न करता दिलेल्या सूचना) नीट वाचा. तोच शेरा सलग दोन वर्षं असेल तर किंमत पाडून मागा.