मदत हवी आहे: विक्रोळीजवळ स्वस्त अभ्यासिका

नमस्कार मंडळी. माझी भाची कराडहून राज्यसेवेच्या तयारीसाठी आमच्याकडे विक्रोळीला आली आहे. आम्ही पाच माणसं, घर वन रूम किचन. सध्या ती ओट्याखाली सतरंजी टाकून वाचते, तेही कुकरच्या शिट्ट्या मोजत!

जवळच्या सार्वजनिक अभ्यासिकेत नाव नोंदवलं, दोन महिने झाले, नंबर लागलेला नाही. शिवाय तिथे मुंबईच्या पत्त्याचा पुरावा मागतात आणि तिचं आधार कराडचं. खासगी रीडिंग रूममध्ये एसी, वायफाय सगळं आहे, पण महिन्याला २,२०० रुपये. आम्हाला हजाराच्या आतच जमेल. काळा घोड्याचं डेव्हिड ससून वाचनालय पाहिलं. १८७० सालची इमारत, बसावंसं वाटतंच, पण पुस्तकांची पिशवी घेऊन सकाळची सीएसएमटी लोकल रोज पकडणं तिला झेपणार नाही. वरळीची अभ्यास गल्ली कुणीतरी सुचवली. पावसाळ्यात रस्त्यावर कुठे बसणार?

पदवी झालेली आहे, त्यामुळे कॉलेजचं ओळखपत्र नाही. ग्रंथालयाची पुस्तकं नकोत, स्वतःची पुस्तकं घेऊन बसू देणारी जागा हवी. रात्री नऊपर्यंत उघडी असावी आणि मुलींसाठी स्वच्छतागृह हवंच (एका ठिकाणी फक्त याच कारणाने नाही म्हणावं लागलं).

मुलुंड ते दादर या पट्ट्यात, स्टेशनपासून चालत जाता येईल अशी जागा कुणाला माहीत आहे का? आणि पत्त्यासाठी माझं वीजबिल नि मामा म्हणून हमीपत्र दिलं तर कुठे चाललं आहे का?