३२ बिट आर अजून किती दिवस सांभाळायचं?

आकडेमोड्या:
विंडोजवर एप्रिल २०२२ मध्ये आर या आकडेवारीच्या प्रोग्रामिंग भाषेचं ४.२.० आलं तेव्हाच ३२ बिट बंद झालं, पुढे फक्त ६४ बिट, ४.१.३ हे ३२ बिटवालं शेवटचं. तरी आमच्या ऑफिसात निम्म्या मशीनवर ३२ आणि ६४ बिट दोन्ही आर सुखाने नांदतायत, कारण काय तर मायक्रोसॉफ्टच्या जुन्या ॲक्सेस डेटाबेसच्या एमडीबी फाइली वाचायला लागतात. माझं म्हणणं सरळ आहे, उडवा ते. ३२ बिट प्रोसेसला ६४ बिट विंडोजवरसुद्धा ४ जीबीच्या वर मेमरी मिळतच नाही, मशीनमध्ये ३२ जीबी रॅम कोंबा नाहीतर ६४, मोठी फाइल उचलली की "कॅनॉट अलोकेट व्हेक्टर" ही मेमरी न पुरल्याची एरर ठरलेली, आणि मग पोरं येऊन विचारतात सर रॅम वाढवून मिळेल का. नवीन माणूस आला की पॅकेज एकात टाकतो नि कोड दुसऱ्यात चालवतो, वर म्हणतो कालपर्यंत चालत होतं.

एमडीबीग्रस्त:
उडवा म्हणायला काय जातंय. अहो भानगड आरची नाहीच, ड्रायव्हरची आहे. ६४ बिट प्रोग्रामला ३२ बिटचा ओडीबीसी ड्रायव्हर, म्हणजे डेटाबेसशी जोडणारा दुवा, लोड करता येत नाही, विषय संपला. एमडीबी वाचणाऱ्या जुन्या जेट इंजिनचं ६४ बिट कधी निघालंच नाही. नवं ॲक्सेस डेटाबेस इंजिन ६४ बिटमध्ये मिळतं खरं, पण मशीनवर ऑफिस ३२ बिट असेल तर इन्स्टॉलर दारातच अडवतो, आधी ते काढा म्हणतो. ऑफिस बदलायचं म्हटलं की अकाउंट्सवाल्यांचे जुने ॲड-इन बोंबलणार आणि शिव्या आपल्याला. म्हणून आम्ही ४.१.३ चं ३२ बिट फक्त टेबलं उपसायला ठेवलंय, सीएसव्ही (साधी टेक्स्ट फाइल) काढायची आणि पुढचं सगळं नव्यात. काय बिघडलं?

रात्रपाळी:
कमांड लाइनवरून क्वाएट स्विच (काही न विचारता इन्स्टॉल) देऊन टाका की ६४ बिट इंजिन, गुपचूप बसतं.

एमडीबीग्रस्त:
बसतं हो, पण अधिकृतपणे ते चालत नाही. २०१० चं इंजिन असलं तर नंतर ऑफिसचं काहीही उघडा, आधी "कॉन्फिगर होतंय" म्हणून खिडकी नाचते, मग रजिस्ट्रीत जाऊन खुडबूड. लोकांच्या मशीनवर मी नाही करणार असले उद्योग.

सर्व्हेवाली:
दोन्ही ठेवणाऱ्यांनी एकदा नव्या माणसाला डीएसएन, म्हणजे डेटाबेसच्या जोडणीची नोंद, बनवायला बसवून बघा. सिस्टम३२ या फोल्डरमध्ये जो ओडीबीसी ॲडमिनिस्ट्रेटर आहे तो ६४ बिटचा, आणि ३२ बिटचा कुठे, तर सिसवॉव६४ मध्ये. दोन्ही फाइलींचं नाव एकच आणि त्या नावातही ३२! माणूस नाव बघून सिस्टम३२ वाला उघडतो, डीएसएन बनवतो, ३२ बिट आर चालवतो आणि समोर आर्किटेक्चर मिसमॅच. त्यात त्याची काय चूक? स्टार्ट मेन्यूत शोधलं तर पुढे कंसात बिट लिहिलेलं असतं, तिथूनच उघडायचं ही सवय लावावी लागते.

आणि खरा घोळ वेगळाच आहे, आपला मराठीचा. आमच्या टेबलात गावांची नावं देवनागरीत आहेत. जुन्या आरमधून आरओडीबीसी पॅकेजने काढली की सीएसव्हीत नुसती प्रश्नचिन्हं, गाव गायब. आर ४.२ पासून विंडोज १० वर यूटीएफ-८ (देवनागरीही सांभाळणारं अक्षरांचं एन्कोडिंग) नीट चालायला लागलं, म्हणजे ज्या आवृत्तीत मराठी धड दिसतं तिथे ३२ बिट नाही आणि ३२ बिट आहे तिथे मराठी नाही. तेव्हा एमडीबीग्रस्त, तुमचा उपसा-पंप इंग्रजी डेटापुरता ठीक.

आकडेमोड्या:
ताई, हेच तर म्हणतोय!!

जुनंतेसोनं:
एक मिनिट. जुने रिझल्ट परत काढायचे असतील तर? ३२ बिटच्या जुन्या आवृत्त्यांत गणित प्रोसेसरच्या जुन्या एक्स८७ पद्धतीने, मधले आकडे ८० बिटमध्ये धरून होतं, ६४ बिटमध्ये नव्या एसएसई२ पद्धतीने. शेवटच्या दशांशांत फरक पडू शकतो. पेपर छापलाय, रिव्ह्यूअरने विचारलं तर काय दाखवणार? मी तरी जुनं ठेवणारच.

आकडेमोड्या:
बाराव्या दशांशाने तुमचा निष्कर्ष उलटत असेल तर मॉडेलकडे बघा, बिटकडे नको. २०१९ मध्ये आर ३.६.० ने रँडम नमुना निवडणाऱ्या सॅम्पल फंक्शनची पद्धतच बदलली, तोच सीड (रँडमचा सुरुवातीचा आकडा) देऊनही वेगळी माणसं निवडून येतात, तो फरक कितीतरी मोठा. तुम्हाला जपायची आहे ती आवृत्ती. ती व्हर्च्युअल मशीनमध्ये (कॉम्प्युटरच्या आतला कॉम्प्युटर) पॅकेजांसकट गोठवून ठेवा, रोजच्या मशीनवर कशाला?

जुनंतेसोनं:
व्हर्च्युअल मशीनला परवानगी देणारे आयटीवाले तुमच्याकडे असतील, आमच्याकडे प्रिंटर जोडायलाही अर्ज लागतो.

एमडीबीग्रस्त:
सर्व्हेवाली मॅडम, मराठीचा मुद्दा मान्य. पण मग आर मध्ये आणताच कशाला? ॲक्सेसमधूनच टेबल एक्सपोर्ट करा, टेक्स्ट फाइल निवडा, ॲडव्हान्स्डमध्ये जाऊन कोड पेज यूटीएफ-८ करा, ते स्पेसिफिकेशन सेव्ह करून ठेवा म्हणजे दरवेळी निवडायला नको. गावं जशीच्या तशी येतात.

सर्व्हेवाली:
हे चालेल. पण मग तुमच्या ३२ बिट आरचं काम काय उरलं?

एमडीबीग्रस्त:
ज्या मशीनवर ॲक्सेसच नाही, नुसता ड्रायव्हर आहे, तिथे. आमच्याकडे तशीच जास्त आहेत.

रात्रपाळी:
तिथे ऑफिस ३२ बिटचंच आहे का पण? नसेल तर ६४ चं इंजिन सरळ टाका, अडवणारं कोणी नाही.